गोमंतकाचा जनमत कौल आणि आपण

लहान मुलखाच्या निवडणुकीकडे मोठ्या मुलखातील माणसे बहुधा कौतुकाने पाहतात, आदराने पाहत नाहीत. मूठभर वस्ती, चार तालुके, त्यांत कसली आली निवडणूक, असे सहज बोलले जाते. परंतु शितावरून भाताची परीक्षा करावी ही आपल्याकडील जुनी रीत आहे, आणि लोकशाहीच्या बाबतीतही ती खोटी ठरत नाही. जेथे मतदार थोडे, उमेदवार सर्वांच्या ओळखीचे व प्रश्न दाराशी येऊन ठेपलेला असतो, तेथे निवडणूक म्हणजे काय हे जितके स्वच्छ दिसते तितके कोट्यवधींच्या गर्दीत दिसत नाही. अशा एका लहान मुलखाने १९६३ ते १९६७ या चार वर्षांत तीन वेळा मत दिले. तो मुलूख म्हणजे आपला शेजारी गोमंतक होय. त्या तीन मतदानांचा वृत्तांत विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी मनन करावा असा आहे, असे आम्हास वाटते.

गोव्याची कथा मुंबईच्या उपनगरातील वाचकांना कशास, असे कोणी विचारील. अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर ही गावे ज्या बेटावर वसली आहेत त्याचे जुने नाव साष्टी. आणि मडगाव ज्या तालुक्यात आहे त्याचेही नाव साष्टीच. दोन्ही ठिकाणी सहासष्ट गावांवरून हे नाव पडले असे सांगतात. दोन्ही साष्टींवर एके काळी पोर्तुगीजांचा अंमल होता. आपल्या साष्टीवरील तो अंमल १७३७ साली मराठ्यांनी संपविला. बोरिवलीस मंडपेश्वराच्या लेण्यांपाशी जे चर्चचे भग्नावशेष दिसतात ते त्याच काळाची खूण आहेत. गोव्याच्या साष्टीवर मात्र तो अंमल आणखी सव्वादोनशे वर्षे राहिला. शिवाय आमच्या शाळांच्या हजेरीपटावर गोव्याकडील आडनावे किती आहेत हे शिक्षकांस सांगावयास नकोच. तेव्हा गोव्याची कथा ही परक्याची कथा नव्हे.

१५१० साली सुरू झालेली पोर्तुगीजांची सत्ता १९ डिसेंबर १९६१ रोजी संपली. त्या साडेचारशे वर्षांत सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांना मताचा अधिकार गोव्यात कधीच मिळाला नाही. १९४६ च्या जूनच्या १८ तारखेस डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावास नागरिक स्वातंत्र्यासाठी सभा घेतली, तेव्हा साधे भाषण करणे हाच तेथे अपराध होता. अशा भूमीत मुक्तीनंतर अवघ्या दोन वर्षांत, ९ डिसेंबर १९६३ रोजी, पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश, त्याची विधानसभा तीस जागांची. त्यांपैकी अठ्ठावीस जागा गोव्याच्या, एक दमणची व एक दीवची. सिंह ही निशाणी घेतलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षास १४ जागा मिळाल्या व युनायटेड गोवन्स पक्षास १२. काँग्रेसचा गोव्यात एकही उमेदवार निवडून आला नाही. तिची एकच जागा आली, ती दमणची. ज्या पक्षाच्या सरकारने गोवा मुक्त केला त्यालाच गोव्याने घरी बसविले, आणि दिल्लीने तो निकाल मानला. मताधिकार हातात आल्याबरोबर गोवेकरांनी तो उपकाराच्या फेडीसाठी वापरला नाही, आपल्या विचारासाठी वापरला. श्री. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले व डॉ. जॅक सिक्वेरा विरोधी पक्षाचे पुढारी झाले.

या दोन पक्षांमध्ये वाद होता तो एकाच गोष्टीचा. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की स्वतंत्रपणे केंद्रशासित राहावा? दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून घेण्याजोगे होते, व ते येथे सरळपणे मांडले पाहिजे. विलीनीकरणवादी म्हणत की, गोव्याच्या देवळांतील कीर्तन मराठीत, शाळांतील धडे मराठीत, घरोघरच्या पोथ्या मराठीत. मग घर वेगळे कशास? त्यांच्या मागे कष्टकरी बहुजन समाज मोठ्या संख्येने होता. जमीनदाराच्या जागेत झोपडी बांधून राहणाऱ्या कुळास असे वाटे की, लहानशा गोव्यात भाटकारांचाच वरचष्मा राहील, व मोठ्या महाराष्ट्रात गेल्यास कुळकायद्याचे संरक्षण लाभेल. ही भीती खोटी म्हणता येणार नाही. उलट पक्षाचे लोक म्हणत की, कोंकणी ही आमची मायबोली आहे, आमचे रीतिरिवाज व घरवारशाचे कायदे निराळे आहेत, आणि मोठ्या राज्यात आमचा मुलूख टोकावरचा एक जिल्हा होऊन बसेल. महाराष्ट्रात त्या वेळी दारूबंदीचा कायदा होता. माडाची सूर काढून पोट भरणाऱ्या रेंदेरास त्याचीही धास्ती होती. हीही भीती खोटी नव्हती.

वाद वर्तमानपत्रांतून पेटला. 'गोमंतक' हे मराठी दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने लिही, तर मडगावचे 'राष्ट्रमत' विरुद्ध बाजूने. त्यात श्री. उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर फार वाचले जाई. वाचकांनी ध्यानात घ्यावे की, 'राष्ट्रमत' हेही मराठी दैनिकच होते. महाराष्ट्रात जाऊ नये हे गोव्याच्या लोकांना मराठी भाषेतून पटवून दिले गेले! एखाद्या भाषेचे सामर्थ्य याहून निराळे काय असते? जी भाषा आपल्या विरुद्ध मतालाही शब्द पुरविते तीच भाषा थोर म्हणावी.

अखेर संसदेने १९६६ च्या डिसेंबरात कायदा केला आणि या प्रश्नाचा निकाल विधानसभेच्या बहुमताने किंवा दिल्लीच्या हुकमाने न लावता थेट लोकांना विचारून लावण्याचे ठरविले. यालाच जनमत कौल असे नाव पडले. येथे विरोधी पक्षाने एक आक्षेप घेतला. विलीनीकरणाचा पक्षच सत्तेवर आहे. कचेऱ्या, अधिकारी व पोलीस त्याच्या हाताखाली असता मतदान निर्मळ कसे होणार? आक्षेप रास्त होता. बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने ३ डिसेंबर १९६६ रोजी राजीनामा दिला व राज्यकारभार राष्ट्रपतींच्या हाती गेला.

या राजीनाम्याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. ज्यास आपला पक्ष जिंकावा अशी मनापासून इच्छा आहे त्याने, कौल घेण्यापूर्वी, हातातील सत्ता खाली ठेवावी, ही गोष्ट सोपी नाही. राजीनामा विरोधकांनी मागितला म्हणून दिला गेला हे खरे. परंतु मागितलेल्या सर्वच गोष्टी राज्यकर्ते देतात असा अनुभव जगात कोठेही नाही. खेळाडू व पंच एकच असू नये हा नियम क्रीडांगणावरील लहान मुलासही समजतो. राज्यकारभारात मात्र तो पुनःपुन्हा शिकावा लागतो.

मतदान १६ जानेवारी १९६७ रोजी झाले. मतपत्रिकेवर दोन चिन्हे होती. विलीनीकरणासाठी फूल व केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही समजावे असा तो प्रश्न होता. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले, म्हणजे शंभरांत सुमारे ८२. फुलास १,३८,१७० मते पडली व दोन पानांस १,७२,१९१. चौतीस हजार एकवीस मतांच्या फरकाने गोवा केंद्रशासित राहिला. दमण व दीवच्या लोकांना गुजरातेत जावयाचे की नाही असे विचारले होते. त्यांनीही नकोच म्हटले.

येथे ही हकीकत संपली असती तर ती एक साधी हारजीत ठरली असती. परंतु पुढच्याच मार्चच्या २८ तारखेस विधानसभेची निवडणूक झाली, आणि तीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षासच तीसांपैकी १६ जागा मिळून बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले! युनायटेड गोवन्स पक्ष १२ जागांवरच राहिला. जानेवारीत ज्यांची मागणी नाकारली गेली, त्यांच्याच हाती मार्चमध्ये राज्य आले.

हे पाहून कित्येकांनी गोव्याच्या मतदारास चंचल म्हटले. आमच्या मते हा आरोप हिशेब न पाहता केलेला आहे. पहिली गोष्ट अशी की, जनमत कौलात सगळा गोवा एकच मतदारसंघ धरून मते मोजली होती व पर्याय दोनच होते. विधानसभेच्या निवडणुकीत मतदारसंघ तीस, उमेदवार अनेक, व ज्यास आपल्या मतदारसंघात इतरांहून जास्त मते तो निवडून यावयाचा. एकंदर मतांपैकी निम्मीही मते न मिळता जागांचे बहुमत मिळू शकते, व तसेच या पक्षाचे झाले. प्रश्न कसा विचारला व उत्तरे कशी मोजली यावर निकाल किती अवलंबून असतो, याचे याहून उत्तम उदाहरण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. फुलास नकार देणाऱ्यांत नाना प्रकारचे लोक होते. कोणी भाषेसाठी, कोणी जमिनीसाठी, कोणी धंद्यासाठी, कोणी धर्मभावनेने दोन पानांवर शिक्का मारला. एका प्रश्नावर एकत्र आलेल्या माणसांनी दुसऱ्या प्रश्नावरही एकत्रच राहिले पाहिजे असा कोणताही नियम नाही. गोवा महाराष्ट्रात जाऊ नये, पण गोव्याचे राज्य कुळांचा व गोरगरिबांचा कैवार घेणाऱ्याने करावे, असे एखाद्यास वाटले तर त्यात विसंगती कोठे आली? माणूस व त्याचे मत, पक्ष व त्याची एखादी मागणी, ही निरनिराळी तोलता येणे हेच सुजाण मतदाराचे लक्षण होय.

आणि तिसरी गोष्ट. निकालानंतर जिंकलेल्यांनी हरलेल्यांचे राज्य मानले व हरलेल्यांनी कौल मानला. विलीनीकरणाचा प्रश्न पुन्हा मतपेटीत गेला नाही. २१ वर्षांवरील स्त्रीपुरुषांनी एकदा दिलेला शब्द सर्वांनी पाळला. पुढे ३० मे १९८७ रोजी गोवा भारताचे पंचविसावे राज्य झाले.

आपल्याकडे काही मंडळी अजूनही म्हणतात की, गोव्याने त्या दिवशी मराठीस नाकारले. या म्हणण्याचा आम्हास सविनय विरोध करावयाचा आहे. मतपत्रिकेवर प्रश्न राज्याचा होता, भाषेचा नव्हता. बांदोडकरांच्या कारकिर्दीत गोव्याच्या खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या त्या कौलानंतर बंद पडल्या नाहीत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी ही राजभाषा झाली, परंतु त्याच कायद्याने सरकारी कामकाजात मराठीच्या वापरासही मुभा ठेवली. याहून जुना दाखला पाहावयाचा तर फादर थॉमस स्टीफन्स यांचा घ्यावा. हा इंग्रज मिशनरी १५७९ साली गोव्यास आला. त्याने 'क्रिस्तपुराण' रचले ते मराठी ओवीत, व ते १६१६ साली गोव्याच्या साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. कोंकणी भाषेचे व्याकरण लिहिले तेही त्यानेच. एका माणसाच्या हृदयात दोन्ही भाषा सुखाने नांदल्या, तर एका समाजात त्या का नांदू नयेत?

तसेच, हा कौल केवळ धर्माने ठरला असे म्हणणेही बरोबर नाही. त्या वेळी गोव्यातील ख्रिस्ती लोकसंख्या दोन पंचमांशाहून कमी होती. दोन पानांस तर निम्म्याहून अधिक मते पडली. अर्थात हजारो हिंदूंनीही विलीनीकरणाविरुद्ध मत दिले असले पाहिजे. भाषा व धर्म यांची गाठ घालणाऱ्यांनी आपल्या उपनगरातील जुनी गावठाणे पाहून यावे. तेथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची घरची बोली मराठीच आहे. इकडे मराठी बोलणारा ख्रिस्ती, तिकडे कोंकणी बोलणारा हिंदू. तेव्हा नावावरून माणसाचे मत ओळखू म्हणणारा फसल्याशिवाय राहत नाही.

आता या कथेतील एक भाग असा आहे की, तो थेट मुंबईस येऊन भिडतो. पोटासाठी घर सोडलेले कित्येक हजार गोवेकर तेव्हा मुंबईत राहत होते. आपल्या गावाच्या नावाने चालविलेल्या 'कूड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बिऱ्हाडांत एकत्र राहून गावी पैसे धाडीत होते. त्यांनाही कौलात मत असावे अशी मागणी युनायटेड गोवन्स पक्षाने केली होती. ती मान्य झाली नाही. मत दिले ते गोव्यात राहणाऱ्यांनीच. आपल्या गावाचे भवितव्य ठरत असता दूर बसून वर्तमानपत्रे चाळण्यावाचून गत्यंतर नसणे, हे दुःख लहान नव्हे. ज्यांनी ते सोसले त्यांच्याविषयी आम्हास सहानुभूती आहे. तरीही तो नियम आम्हास योग्य वाटतो. ज्या निर्णयाखाली ज्यास रोजचे जीवन कंठावयाचे, तो निर्णय त्याने करावा. माया दुरून करता येते. कारभाराचा जाब मात्र जवळ राहूनच विचारावा लागतो.

हाच नियम आपण स्वतःस लावून पाहू. आपल्या उपनगरात कोणी रत्नागिरीचा, कोणी साताऱ्याचा, कोणी मंगळूरचा, कोणी काठेवाडचा, कोणी गोव्याचा आहे. पुष्कळांनी येथे दोन पिढ्या काढल्या, तरी मतदारयादीतील नाव गावीच ठेविले आहे. आणि ज्यांचे नाव येथे आहे त्यांच्यापैकीही कित्येक जण मतदानाच्या सुट्टीस जोडून रजा काढून गावाकडे जातात. नळास पाणी येथे यावयाचे, पावसाळ्यात नाला येथे तुंबावयाचा, मुलाची शाळा, रेल्वेचा पूल व दवाखाना येथलाच. आणि मत मात्र कोठेच नाही! २०११ च्या खानेसुमारीत मुंबई उपनगर जिल्ह्याची वस्ती ९३ लाखांहून अधिक भरली, आणि सगळ्या गोव्याची साडेचौदा लाख. तरी गोव्याची विधानसभा ४० जणांची, व आपल्या जिल्ह्याच्या वाट्यास राज्याच्या विधानसभेत जागा २६. १९६७ साली ज्यांनी गोव्याचे भवितव्य ठरविले ते सर्व मतदार आजच्या आपल्या दोन मतदारसंघांत सहज मावतील. जेथे एकेका प्रतिनिधीमागे एवढी माणसे आहेत, तेथे मत न देणाऱ्याने आपला आवाज आपणच आणखी बारीक करून घेतला असे होते.

याहून वाईट गोष्ट म्हणजे निवडणूक मुळीच न होणे. मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ लोकांनी निवडलेला नगरसेवक म्हणून कोणी उरला नाही. सर्व कारभार प्रशासकाकडे होता. गल्लीतील दिव्याविषयी कोणास भेटावे हे त्या काळात पुष्कळांस कळेनासे झाले. तरीही त्याबद्दल घरोघर जेवढी चर्चा व्हावयास हवी होती तेवढी झाली नाही. साडेचारशे वर्षे मताविना राहिलेल्या लोकांनी मिळालेले मत शंभरांत ब्याऐंशी जणांनी वापरले. आपण मात्र मताविना राहिलो याची खंतही पुरती केली नाही. या तुलनेने आपली मान खाली जावयास हवी.

विद्यार्थिमित्रहो, अठरा वर्षे पूर्ण होण्यास तुम्हास अजून अवकाश आहे. १९८९ पूर्वी ही मर्यादा एकवीस वर्षांची होती. तेव्हा तुम्ही आपल्या आजोबांपेक्षा तीन वर्षे अगोदरच नागरिक होणार आहात. तोवर शाळेतील वर्गप्रतिनिधीची निवडणूक हीच तुमची तालीम होय. उमेदवार आपल्या इमारतीतील आहे, आपल्या धर्माचा आहे, डब्यातील खाऊ वाटतो, या कारणांनी मत देण्याची सवय याच वयात लागते व ती पुढे सुटत नाही. त्याच्या सर्व गोष्टी आवडल्या पाहिजेत असे नाही. जे काम करावयाचे ते तो नीट करील की नाही, एवढेच पाहावे. ज्याच्या हाती वर्गाची व्यवस्था आहे त्याने स्वतःच्या निवडणुकीची मते मोजू नयेत. आणि निकाल लागल्यावर हरलेल्याने जिंकलेल्याचा हात हाती घ्यावा, जिंकलेल्याने हरलेल्यास आपल्याशेजारी बसवावे.

पालकांस आमची विनंती एवढीच की, ज्या गावी आपली चूल पेटते त्या गावच्या यादीत आपले नाव आहे की नाही हे त्यांनी पाहावे, आणि मतदानास जाताना मुलास बरोबर न्यावे. मत कोणास दिले हे त्याला सांगण्याची गरज नाही. ते का दिले हे मात्र सांगावे. गोव्याच्या लोकांना एक सरळ प्रश्न विचारला गेला, त्यांनी सरळ उत्तर दिले, व ते उत्तर मनाविरुद्ध गेलेल्यांनीही पाळले. मुलूख लहान होता, पण वर्तन मोठे होते. आपला मुलूख तर मोठा आहेच. परमेश्वर आपणांस तेवढे मोठे वर्तन देवो, अशी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.